रस्त्यावर मेलेलं जनावर नक्की कोण उचलतं? नगरपरिषद, ग्रामपंचायत की बांधकाम खातं?

निवडुंग_७

नमस्कार मंडळी, विषय जरा घाण आहे, जेवता जेवता वाचत असाल तर नंतर वाचा.

आमचं तालुक्याचं गाव, नगरपरिषद आहे. गावाबाहेरून बायपास गेलाय. ओढ्याच्या अलीकडे नगरपरिषदेची हद्द, पलीकडे शेजारच्या ग्रामपंचायतीची, पण मधला तुकडा नेमका कुणाचा हे विचारलं की प्रत्येकजण हात दुसरीकडे करतो. तर याच तुकड्यात रात्री कुठल्यातरी गाडीने एका गायीला उडवलं. भाकड गाय असावी, अशा बऱ्याच मोकळ्या फिरत असतात आमच्याकडे, दूध आटलं की लोक सोडून देतात. सकाळी कुणीतरी रस्त्यातून ओढून कडेला केली आणि तिथेच राहिली. आता दोन-तीन दिवस झाले, पोट फुगून टम्म झालंय, वास पार शाळेपर्यंत येतोय आणि कुत्र्यांची टोळी जमलीये ती टू व्हीलरच्या मागे लागते, काल एक कॉलेजची मुलगी घसरून पडली, नशीब हेल्मेट होतं.

नगरपरिषदेत फोन केला तर म्हणे ओढा आमच्यात येत नाही. सरपंचांना गाठलं तर ते म्हणाले दादा रस्ता बांधकाम खात्याचा आहे, आम्ही हात लावला तर उद्या तेच विचारतील. बांधकामच्या उपविभागात गेलो तर तिथला क्लार्क हसायलाच लागला, म्हणाला आम्ही खड्डे बुजवतो, जनावरं नाही. (खड्डे पण बुजवत नाहीत, तो वेगळा धागा होईल.)

तर कायद्याने हे काम कुणाचं? तक्रार कुठे करायची म्हणजे कुणीतरी येईल? आणि आम्ही गल्लीतल्या पोरांनी वर्गणी काढून जेसीबी बोलावून पुरलं तर काही लफडं होईल का, कारण गाय आहे म्हटल्यावर लोक हात लावायलाच घाबरतायत. जाणकारांनी सांगा.

मुकादम_निवृत्त

माझी नोकरी एका महापालिकेच्या घनकचरा खात्यात गेली, मुकादमापासून स्वच्छता निरीक्षकापर्यंत, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

पहिली गोष्ट म्हणजे रस्ता कुणाचा आणि रस्त्यावरची घाण कुणाची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळे तुम्हाला त्यातच गोल फिरवतायत. डांबर बांधकाम खात्याचं असेल पण हद्दीतली सफाई त्या त्या स्थानिक संस्थेची. नगरपरिषदांचा १९६५ चा कायदा बघा, सार्वजनिक रस्ते साफ ठेवणं हे त्यांच्या बंधनकारक कामात आहे, मर्जीच्या कामात नाही. ग्रामपंचायतीचा १९५८ चा कायदा आहे, त्यातही गावची स्वच्छता पंचायतीकडेच आहे. बांधकाम खात्याचा संबंध वाहतूक अडली तर, म्हणजे ते फार तर जेसीबीने ढकलून बाजूला करणार. एकदा बाजूला झालं की त्यांचं काम संपलं, तुमची गाय कडेला आहे ती त्यामुळेच कुणाची राहिली नाही. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ ला फोन करायचा, टोल कंपनीची गस्तीची गाडी येते, पण ती पण आधी लेन मोकळी करते, पुढचं सगळं त्या कंपनीच्या माणसांवर.

मोठ्या शहरात हे जुनं काम आहे. मुंबईचा १८८८ चा कायदा, त्यात तेव्हापासून लिहिलंय की शहरात मेलेलं प्रत्येक जनावर उचलायची व्यवस्था आयुक्तांनी करायची, ज्याच्या जागेत मेलं त्याने तीन तासाच्या आत वर्दी द्यायची, रात्री मेलं तर सूर्य उगवल्यापासून तीन तास, आणि मालक असेल तर उचलायची फी मालकाने भरायची. तेव्हा घोडे, बैल, ट्रामची जनावरं, सगळं रस्त्यावरच चालायचं म्हणून एवढं बारीक लिहिलं. आज मुंबईत १९१६ ला फोन केला की वॉर्डला निरोप जातो. कुत्र्या-मांजरांसाठी मालाडच्या कोंडवाड्यात २०२३ मध्ये गॅसवरची दाहिनी पण सुरू केली, फुकट आहे. पण ती लहान जनावरांसाठी, तिथे तुमची गाय काही मावणार नाही.

कामाची पद्धत सांगतो म्हणजे कुणाला फोन करायचा ते कळेल. कुत्रं, मांजर, डुक्कर, घुशी असलं सगळं हजेरी कोठीचा (सफाई कामगारांची हजेरी लागते ती चौकी) माणूस उचलतो, पोत्यात घालून वेगळ्या गाडीने कचरा डेपोवर खड्ड्यात, वर चुना नाहीतर ब्लीचिंग पावडर. घंटागाडीत टाकायचं नसतं पण गाडी नसली की टाकतात, खोटं कशाला बोलू. मोठं जनावर म्हणजे वेगळा खेळ. म्हैस चार-पाचशे किलोची सहज असते, ती माणसं लावून उचलत नाही, मागच्या पायांना दोर बांधून जेसीबीने ओढायची, टिपरमध्ये घालायची, डेपोवर दुसरा जेसीबी खड्डा घेऊन तयार पाहिजे. फुगलेलं असलं तर बकेटचा दात लागून फुटतं आणि मग तो ड्रायव्हर पुन्हा यायला तयार होत नाही. म्हणून पहिल्या दिवशी उचललं तर अर्ध्या तासाचं काम, तिसऱ्या दिवशी सगळे पळ काढतात.

आता खरं दुखणं. आमच्या वेळी मेलेली ढोरं उचलायचा ठेका निघायचा आणि ठेकेदार आम्हाला पैसे द्यायचा. कातडं, हाडं, चरबी, सगळ्याला गिऱ्हाईक होतं, वर्दी मिळाली की त्याचाच टेम्पो आमच्या आधी हजर. मग कातड्याचा भाव पडला, त्यात २०१५ नंतर रस्त्यात गाड्या अडवून चौकशा सुरू झाल्या, मेलेलं नेतोय की मारलेलं हे सिद्ध कुणी करायचं? ठेकेदारांनी हात वर केले. आता उलटं झालंय, उचलायला पालिकेनेच पैसे मोजायचे, आणि लहान नगरपरिषदांच्या बजेटमध्ये तो खर्च धरलेलाच नसतो. तुम्हाला जी टोलवाटोलवी दिसतेय ती हद्दीवरून नाहीये, बिलावरून आहे.

तक्रार करताना नगराध्यक्ष, नगरसेवक यांच्या मागे लागू नका, स्वच्छता निरीक्षकाचा मोबाइल मिळवा आणि त्याला चारच गोष्टी सांगा, जनावर कुठलं, कुठे पडलंय ती खूण, किती वेळ झाला, जेसीबी आत जाईल का. सोबत लोकेशन आणि फोटो. स्वच्छता ॲपमध्ये मेलेल्या जनावराची वेगळी कॅटेगरीच आहे, तिथे पण टाका, कारण ते वरून मोजलं जातं. आपले सरकार पोर्टल पण आहे पण तिथे मुदत २१ दिवस, तोपर्यंत कुत्री काम पूर्ण करतील.

ढोरांचा_डागदर

मुकादमांनी छान लिहिलंय. मी पशुवैद्यक, गावपातळीवर काम करतो, माझ्या बाजूचं सांगतो.

निवडुंगदादा, तिच्या कानात पिवळा बिल्ला आहे का बघा, पण लांबून बघा, मोबाइलने झूम करून फोटो काढा. बारा आकडी नंबर असतो. आपल्याकडे १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री आणि नुकसानभरपाई बंद आहे, त्यामुळे बऱ्याच जनावरांना असतोच. तो नंबर दवाखान्यात दिला की मालक निघतो. मालक निघाला की खर्च त्याच्या गळ्यात पडू शकतो, एवढं कळलं की बाकीचे पण सोडताना जरा विचार करतील.

दुसरं, अपघात झालाय असं तुम्ही धरून चाललाय. उडवताना कुणी पाहिलंय का? कारण जनावर रस्त्यात मरून पडलेलं असलं आणि नंतर गाडी त्यावर गेली असंही होतं. नाकातून, तोंडातून, मागून काळपट न गोठणारं रक्त येत असेल, अंग ताठत नसेल, तर ती काळपुळी (अँथ्रॅक्स) असू शकते, काही भागात फाशी म्हणतात. अशा जनावराला कापायचं नाही, सोलायचं नाही, आम्ही सुद्धा शवविच्छेदन करत नाही. कारण आतला जंतू हवेशी गाठ पडली की बीजाणू करतो आणि ते मातीत कित्येक दशकं जिवंत राहतात, त्या जागेवर चरायला आलेलं जनावर पुढे कधीतरी मरतं, माणसालाही होतो. शक्यता कमी आहे, घाबरवत नाहीये, पण म्हणूनच पोरांनी हाताने ओढाओढ करू नये. गाडीने उडवल्याच्या स्पष्ट खुणा असतील तर चिंता नाही, तरी ग्लोव्हज हवेतच.

पुरायचं कसं ते पण सांगतो कारण बहुतेक ठिकाणी नुसती माती ओढतात आणि पहिल्या पावसात पाय वर येतात. खड्डा सात-आठ फूट खोल, विहीर-बोअर-ओढ्यापासून लांब आणि पाणी साचत नाही अशी जागा, खाली चुना, जनावर, वर परत चुना, मग माती, आणि वर काटेरी झुडपं टाकायची म्हणजे कुत्री उकरत नाहीत. ओढ्याकाठी माती मऊ आहे म्हणून लोक तिथेच खणतात, ते तर अजिबात नको. लम्पीच्या वेळी, २०२२ ला, हे सगळं आम्ही गावोगाव करून घेतलं होतं. तेव्हा एक फरक होता, सरकारने भरपाई ठेवली होती, दुभत्या गायीला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार, आणि त्यासाठी पंचनामा लागायचा, त्यामुळे मालक स्वतः बोलवायला यायचे. बेवारस जनावराला भरपाई नाही म्हणजे बोलवायला पण कुणी नाही.

आणि एक, जनावर जखमी होऊन जिवंत पडलं असेल तर १९६२, फिरता दवाखाना येतो. मेलेल्यासाठी तो नंबर फिरवू नका, ती गाडी दुसरीकडे कुणाची तरी वाट बघत असलेली गाय सोडून येणार.

गिधाडं असती तर यातलं अर्धं लिहावंच लागलं नसतं. आमच्याच धंद्यातल्या डायक्लोफेनॅकने ती मारली, ते इंजेक्शन दिलेलं ढोर मेलं आणि गिधाडाने खाल्लं की त्याची किडनी जायची. २००६ ला जनावरांसाठी बंदी आली तोवर नव्वद टक्क्यांहून जास्त संपली होती. २०२३ ला कीटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवर पण आली. आता फणसाडला, गडचिरोलीत, नाशिककडे हरसूलच्या बाजूला गिधाडांसाठी मुद्दाम मेलेली जनावरं ठेवतात, पण आधी तपासून.

बांधावरचा_आंबा

आमच्या लहानपणी गावात हा प्रश्नच नव्हता हो. जनावर मेलं की निरोप द्यायचा, संध्याकाळच्या आत माणसं येऊन घेऊन जायची, कुणाला वास नाही का काही नाही. सगळं व्यवस्थित बसलेलं होतं, प्रत्येकाचं काम ठरलेलं. आता पंचायती आल्या, खाती आली, आणि एक गाय हलत नाही. जुनं ते सगळंच वाईट नव्हतं एवढंच म्हणतो.

तळ्याकाठचा

आंबाकाका, "माणसं येऊन घेऊन जायची" यातली माणसं म्हणजे माझा पणजोबा. व्यवस्थित बसलेलं तुमच्यासाठी होतं.

निरोप यायचा, मग पाऊस असो, रात्र असो, घरात लग्न असो, जायचंच. नाही गेलं तर पेंढी बंद, पाणी बंद, रस्ता बंद. आणि वर त्याला आमचा हक्क म्हणायचे, बावन्न हक्कातला एक! मेलेल्या ढोराचं कातडं आणि मांस मिळतं म्हणून हक्क. पैसे नाहीतच. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला परिषद झाली त्यात बाबासाहेबांनी हेच सांगितलं, मेलेली ढोरं ओढणं बंद करा, मेलेलं मांस खाणं बंद करा. गावोगाव लोकांनी बंद केलं आणि त्यासाठी मार खाल्ला, बहिष्कार सोसले. हे सगळं ज्यावर चालायचं ते महार वतन कायद्याने जायला १९५८ उजाडलं. म्हणजे "हा प्रश्नच नव्हता" असं नाही, प्रश्न तेव्हाही होता, तो फक्त तुमच्या दारात येऊन थांबत नव्हता.

आणि आता बघा गंमत. आम्ही काम सोडलं त्यानंतर खरं तर गावाने बसून ठरवायला पाहिजे होतं की आता हे कोण करणार, किती पैशात, कुठल्या यंत्राने, कुठल्या जागेत. ते कुणी ठरवलंच नाही. कारण मनात सगळ्यांच्या असंच की बोलावलं की कुणीतरी येईल. अजून तसंच आहे. नगरपरिषदेत जाऊन बघा, मेलेलं जनावर उचलायला पाठवतात ते कोण असतं? रोजंदारीवरचा, कंत्राटातला, आडनावं वाचली की कळतं. हातमोजे सहीपुरते, गमबूट फोटोपुरते. मुकादमकाका खोटं वाटत असेल तर सांगा.

दुसऱ्या बाजूने जे अजून कातड्याच्या धंद्यात आहेत त्यांचं काय होतं ते २०१६ ला उनामध्ये सगळ्यांनी बघितलं. मेलेली गाय सोलत होते, मेलेली, तरी पोरांना गाडीला बांधून मारलं. त्यानंतर गुजरातेत लोकांनी सुरेंद्रनगरच्या कलेक्टर कचेरीसमोर मेलेली जनावरं नेऊन टाकली, तुमची माता तुम्हीच उचला म्हणून. मला ते अजून योग्य वाटतं.

निवडुंगभाऊ तुमच्यावर राग नाहीये, तुम्ही वर्गणी काढून स्वतः पुरायला निघालात, हे बोलणारे फार कमी भेटतात. पण वर्गणी काढून कुणा गरिबाला पाचशे रुपये देऊन उतरवू नका खड्ड्यात. जेसीबीच आणा.

मुकादम_निवृत्त

@तळ्याकाठचा, खोटं नाही वाटत. आमच्याकडे त्या गाडीवर ड्युटी लागणं म्हणजे शिक्षा समजायचे आणि ती ठराविक लोकांनाच लागायची. मी निरीक्षक झाल्यावर रोटेशन लावायचा प्रयत्न केला तेव्हा वरपासून खालपर्यंत फोन आले. एवढंच लिहितो, नाव-गाव काढायचं नाही.

बांधावरचा_आंबा

जातीवरून बोलायचा हेतू नव्हता. व्यवस्था होती एवढंच म्हणायचं होतं. असो.

तरस_आणि_टेकडी

मूळ प्रश्नात गाय आहे तरी एक जोडतो कारण धागा शोधून पुढे लोक येतील. जनावर रानटी असेल, बिबट्या, तरस, कोल्हा, उदमांजर, घोरपड, मोर, काहीही, तर नगरपरिषद-ग्रामपंचायत कुणीच हात लावायचा नाही. वन्यजीव कायदा १९७२, मेलेलं रानटी जनावर सरकारी मालमत्ता. १९२६ ला फोन, वनखातं येतं, पंचनामा करतं, बिबट्या वगैरे असेल तर डॉक्टर शवविच्छेदन करतात आणि साक्षीदारांसमोर जाळतात, नख-दात-मिशी मोजून. एकही नख कमी निघालं तर चौकशी. त्यामुळे आठवण म्हणून मोरपीस उपटू नका आणि सेल्फी काढून स्टेटसला टाकू नका, स्टेटसवरून लोक पकडले गेलेत.

फोन करताना किलोमीटरचा दगड सांगा. कुठे काय मरतं याची नोंद तिथूनच होते आणि त्यावरून पुढे भुयारी मार्ग मागता येतो. नागपूरहून पेंचकडे जाणाऱ्या ४४ नंबरच्या हायवेखाली जे मोठे मार्ग काढलेत, ज्यातून वाघ जाताना कॅमेऱ्यात दिसतात, ते असेच आकाशातून पडले नाहीत, बरीच वर्षं लोक भांडत होते.

लीड्सकर

इकडे इंग्लंडात कौन्सिलच्या साइटवर फॉर्म आहे, रस्ता टाका, नकाशावर टिंब टाका, बहुतेक दुसऱ्या दिवशी उचललेलं असतं. कुत्रं-मांजर असेल तर चिप स्कॅन करून मालकाला कळवतात. आणि गाडीखाली कुत्रं, घोडा, गाय, मेंढी, डुक्कर वगैरे आलं तर ड्रायव्हरने थांबायचं, नाव-पत्ता द्यायचा आणि देता आला नाही तर पोलिसांना कळवायचं असा १९८८ चा कायदाच आहे. गंमत म्हणजे त्या यादीत मांजर नाही, त्यावरून मांजरवाल्यांच्या सह्यांच्या मोहिमा चालू असतात. मोटरवे आणि मोठे हायवे कौन्सिलकडे नाहीत, वेगळी संस्था. तिथे पण हद्दीचा घोळ आहेच, फक्त तो घोळ फॉर्म भरणाऱ्याला दिसत नाही, आतल्या आत फिरवतात.

निवडुंग_७

@लीड्सकर ताई/दादा, शेवटची ओळ फ्रेम करून आमच्या मुख्याधिकाऱ्यांना देतो.

सगळ्यांचे आभार. डॉक्टर, बिल्ला बघितला. नाहीये. म्हणजे कान फाटलेला आहे, बिल्ला होता, कुणीतरी कापून नेलाय. शेजारचा शेतकरी म्हणाला सोडायच्या आधीच कापतात, आता कळलं का ते. उडवल्याच्या खुणा आहेत, मागचा पाय आणि बरगड्या, रक्त तसलं काळं काही दिसलं नाही.

@तळ्याकाठचा, पटलं. जेसीबीच आणणार.

स्वच्छता निरीक्षकांचा नंबर मिळाला, माणूस बरा वाटला, म्हणाला मला टिपर देता येईल पण जेसीबीचं डिझेल कुठल्या खात्यात टाकू ते साहेबांना विचारतो. सरपंच म्हणतात गायरानात खड्डा घ्या, पण तिथे शेजारी ज्यांची वस्ती आहे ते म्हणतात आमच्या बोअरला लागेल. तर आता प्रश्न राहतो दोन, पैसे कुठून आणि जागा कुठली. आणि तो गायीचा कायद्याचा मुद्दा, त्यावर कुणीच स्पष्ट बोललं नाही.

ग्रामसेवक_एक

मी वाचत होतो, लिहू की नको करत होतो, कारण शिव्या आम्हालाच पडतात. (आता आमचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालंय, शिव्या त्याच आहेत.)

गायीचं आधी. आपल्याकडचा कायदा कत्तलीबद्दल आहे, आणि २०१५ ची दुरुस्ती बैल-वळूंची कत्तल बंद करण्यासाठी आली. मेलेलं जनावर पुरणं हा गुन्हा नाही, न पुरता उघड्यावर टाकणं हाच उलट त्रासाचा विषय आहे. तरी आजचं वातावरण बघता मी काय करतो ते सांगतो. पोलीस पाटलाला बोलावतो, जागेवर साधा पंचनामा करतो, वर्णन लिहितो, रंग, शिंगं, अंदाजे वय, कुठली जखम, कान फाटलेला वगैरे, दोन पंचांच्या सह्या, फोटो तारखेसकट. डॉक्टर येऊ शकले तर त्यांची सही, नाही आले तर फोन केल्याची नोंद. मग जेसीबी. हा कागद खिशात असला की गाडी कुणी अडवली तरी दाखवता येतो, आणि बिलाला पण तोच जोडायचा. तुम्ही पोरांनी परस्पर करू नका, काम तुम्हीच करा हवं तर, पण पंचायतीचं नाहीतर नगरपरिषदेचं पत्र घेऊन करा.

पैसे. वित्त आयोगाच्या निधीत एक भाग बंधित असतो, पाणी आणि स्वच्छतेसाठी, तो दुसरीकडे वापरताच येत नाही. पण आराखड्यात काम आधी घेतलेलं पाहिजे. आमच्याकडे आराखडा करताना गटारं, पेव्हर ब्लॉक, घंटागाडी सगळं येतं, मेलेल्या जनावराची विल्हेवाट असं कुणी कधी सुचवत नाही, आणि मी सुचवलं तर सभेत लोक हसतात. मग वेळ आली की ग्रामनिधीतून काढायचं, तो पाणीपट्टी वसूल झाली तर असतो. जेसीबी आमच्याकडे तासाला हजार-बाराशे घेतो आणि येण्या-जाण्याचं वेगळं, लहान पंचायतीला ते जड जातं, हे बाहेरून कळत नाही. हद्दीचं म्हणाल तर तलाठ्याकडे गाव नकाशा असतो, त्यावर ओढा कुठल्या गटात येतो ते तिथल्या तिथे दिसतं, वाद घालायची गरजच नाही. पण नकाशा काढला की काम गळ्यात पडतं म्हणून दोन्हीकडचे काढत नाहीत. तुम्ही काढा.

जागा हा खरा त्रास. गायरान सगळीकडे अतिक्रमणात गेलंय, उरलंय तिथे कुणाचीतरी बोअर आहेच. तळ्याकाठच्या दादांनी लिहिलंय की गावाने बसून ठरवलंच नाही, ते शंभर टक्के खरं आहे, पूर्वी ढोरं सोलायची जागा असायची ती पण ठराविक वस्तीला लागून, आता ती वस्ती म्हणते आमच्या उशाला नको, बरोबरच आहे त्यांचं. आमच्या गावात मी शेवटी ग्रामसभेत विषय लेखी घेतला, पशुवैद्यकांना सोबत नेऊन माळावर एक कोपरा बघितला, उंचावरचा, खाली विहीर नाही असा, आणि ठरावात तीन गोष्टी लिहून घेतल्या, जागेचा गट नंबर, जेसीबीचा दर, आणि कुणालाही हाताने काम लावायचं नाही. विरोध झाला, दोन सभा कोरमच भरला नाही, पण झाला ठराव. मसुदा पाहिजे असेल तर व्यक्तिगत निरोप करा, पाठवतो.

तुमच्या आत्ताच्या गायीपुरतं, निरीक्षक टिपर द्यायला तयार आहे ना, मग टिपर नगरपरिषदेचा, जेसीबी पंचायतीचा, खड्डा नगरपरिषदेच्या कचरा डेपोवर, असं दोघांना एका फोनवर घेऊन आजच ठरवून टाका. डेपोला बोअरचा वाद नाही. उद्या शनिवार आहे, उद्यावर ढकललं तर सोमवार होईल.

ढोरांचा_डागदर

+१, डेपोच. चुना बिल्डिंग मटेरियलच्या दुकानात मिळेल, कळीचा घ्या, रंगाचा नको, दोन-तीन गोण्या लागतील. हातात घेऊन उडवू नका, वारा पाठीमागून येईल असं उभं राहा, डोळ्यात गेला तर वाईट भाजतो. आणि गाय उचलल्यावर त्या जागेवर पण टाका, नाहीतर कुत्री आठवडाभर तिथेच घुटमळतील.

तळ्याकाठचा

@ग्रामसेवक_एक मसुदा मला पण पाठवा, आमच्या गावची ग्रामसभा २६ तारखेला आहे.